आईचं मेतकूट

बालीगंज, कलकत्ता
ता. १२ डिसेंबर १९५२

तीर्थरूप दादांस मनोहरचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र आईला वाचून दाखवू नका.

काशी पाहून इथे उतरलो आणि कालिंदीला ताप भरला, हे मागच्या कार्डात कळवलंच होतं. तो टायफॉइड निघाला. आम्ही ज्यांच्याकडे उतरलोय त्या श्यामसुंदररावांनी ओळखीने इस्पितळात खाट मिळवून दिली. बंगाली डॉक्टर फार सज्जन आहेत. नव्या गोळ्यांनी ताप उतरला, पण डॉक्टरांनी बजावलं होतं की पंधरा दिवस फक्त पातळ द्यायचं.

सोमवारी ती म्हणाली, "बार्लीचा वीट आलाय हो. मऊ भात तरी द्या." आपल्याकडे आजाऱ्याला दुसरं काय देतात? मी गुरगुट्या भात करवून घेतला, आईने बांधून दिलेलं मेतकूट त्यात कालवलं आणि डबा शालीखाली लपवून नेला.

संध्याकाळी तिच्या पोटात कळ उठली. आतड्याला भोक पडलं होतं. ऑपरेशन झालं, पण आता ती मला ओळखत नाही. काय खाल्लं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तुम्ही निघू नका. गाडीला दोन दिवस लागतात, आणि तेवढे दिवस आहेत असं इथे कुणी म्हणत नाही.

आमच्या शैलाचा खोकला थांबला का? तिला आईजवळच निजवा.

आई मेतकुटाचं नक्की विचारील. तिला सांगा, कालिंदीने वाटी पुसून खाल्ली आणि कितीतरी दिवसांनी हसली. हे खोटं नाही.

तुमचा धाकटा,
मनोहर