वाकड्या कुंपणाची मोजणी

३ मार्च
आज घरात लेखी करार झाला. मुलीची दहावीची परीक्षा २४ तारखेला संपणार, तोपर्यंत तिचा गेमचा कन्सोल माझ्या ताब्यात. तिला एकटीला शिक्षा वाटू नये म्हणून मी स्वतःहून कलम दोन घातलं : या काळात बाबाही गेम खेळणार नाहीत. दोघांच्या सह्या. बायको साक्षीदार. सही करताना ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होती.
घरात ठेवला तर मुलीचं मन तिकडे जाईल, म्हणून कन्सोल ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. किल्ली माझ्या खिशात.

४ मार्च, दुपारी १.४०
डबा खाऊन झाल्यावर बॅटरी बघण्यासाठी कन्सोल चालू केला. बॅटरी बरेच दिवस पडून राहिली तर खराब होते. जुन्या गेमांच्या यादीत माझा विमानाचा गेम दिसला. कॉलेजात असताना मी तो एका लाइफमध्ये पूर्ण करायचो, मागे पोरं उभी राहून बघायची.
कलम दोनचा अर्थ नवा गेम असा आहे. आधी संपवलेला गेम पुन्हा खेळणं म्हणजे उजळणी.
संकल्प : रोज वीस मिनिटं. आठवड्यात सगळ्या बारा लेव्हल.

५ मार्च
पहिल्या पुलाला चौदा वेळा धडकलो. बटणं फारच छोटी केली आहेत हल्ली.

६ मार्च
पुलापलीकडे एकदा गेलो. तिथे काय असतं ते विसरलो होतो. हेलिकॉप्टर असतं.

८ मार्च
डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते की जवळचा चष्मा वेगळा लागेल, तेव्हा मी हसलो होतो. आज चष्मा कपाळावर ढकलून, कन्सोल नाकाशी धरून खेळलो. उजव्या अंगठ्याला कळ येते. नाचता येईना अंगण वाकडं असं कोणी म्हणेल, म्हणून कोणाला सांगितलं नाही.
'सोपं' निवडलं. त्यातही मेलो. त्यावर गेमनेच विचारलं, 'अजून सोपं करू का?' या वयात कोणाचं काय ऐकून घ्यावं लागेल, सांगता येत नाही.
खरं सांगायचं तर विमान पडल्याचं दुःख झालं नाही. आवाज बंद झाला म्हणून बरं वाटलं. विसाव्या वर्षी ह्याच आवाजासाठी मी लेक्चर बुडवायचो.

१० मार्च
मुलीचा तो शेतीचा गेम. छोटंसं गाव, घर, शेत, विहीर. मी त्याला इतकी वर्षं 'भाजीवाल्यांचा गेम' म्हणत आलो. आज सहज उघडला, कारण कोणी पाणी घातलं नाही तर रोपं वाळतात. मुलीने दोन वर्षं खपून वाढवलेली रोपं बाप असताना वाळायची? हे खेळणं नव्हे, देखरेख.
टोमॅटोला पाणी घातलं. वेळ : अडीच तास. साहेब दोनदा टेबलापाशी येऊन गेले म्हणे.

१३ मार्च
पाणी, खुरपणी, अंडी गोळा करणं. कोणी अंगावर येत नाही, कोणी मरत नाही. पाऊस पडला तर पाणी घालावं लागत नाही, एवढंच काय ते थ्रिल. माझं ब्लड प्रेशर नक्की उतरलं असणार. तपासलं नाही.
घरी आलो तेव्हा मुलगी पुस्तकात डोकं खुपसून बसली होती. तिने कन्सोलचं नावही काढलं नाही. तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला उगाचच घाम फुटला. उद्यापासून बंद.

१४ मार्च
कोबी लावला.

१६ मार्च
बावीस वर्षं जमिनीची मोजणी करतोय. वाकडं कुंपण दिसलं की माझे हात शिवशिवतात. मुलीच्या शेताची पूर्वेकडची हद्द इतकी वेडीवाकडी होती की इतके दिवस ती मी कशी सहन केली, याचंच नवल. आज सगळं कुंपण उपसून सरळ रेषेत घातलं. कोपऱ्यात एक खोपट हद्दीच्या आत घुसलेलं होतं. छप्पर तिरकं, भोवती गवत. उघडउघड अतिक्रमण.
हातोडा मारला. गेमने विचारलं, 'नक्की पाडायचं?' आमच्याकडे तीन नोटिसा द्याव्या लागतात, इथे एका बटणात काम. त्या जागी कोबीचे आणखी दोन वाफे बसले. चारी कोपरे काटकोनात. मुलगी बघेल तेव्हा खूश होईल.

१९ मार्च
आज जेवताना मुलगी आपणहून बोलत होती. टिटवीबद्दल. टिटवी म्हणजे तिची समोरच्या बिल्डिंगमधली मैत्रीण. बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून हे नाव मीच ठेवलेलं. डिसेंबरात तिच्या वडिलांची बदली झाली आणि ती लांब गेली. जाण्याआधी तिने गेममध्ये मुलीच्या शेतात येऊन एक खोपट बांधलं. आत मुलीसाठी काहीतरी ठेवलं आणि सांगितलं, परीक्षा संपल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. तीन महिने मुलगी त्या दारावरून रोज गेली, आत गेली नाही.
मला ठसका लागला. बायकोने पाणी दिलं. मुलगी म्हणाली, आता पाचच दिवस.
हा गेम आपोआप सेव्ह होतो. मागे जाता येत नाही. मी चार वेळा मॅन्युअल वाचलं.

२० मार्च
घाबरायचं कारण नाही. खोपट पुन्हा बांधता येतं. लाकूड जमवायला सुरुवात.

२१ मार्च
लाकडासाठी डोंगरावर जावं लागतं. ऑफिसात साईटवर जातो असं सांगून बागेतल्या बाकावर बसून सबंध दिवस लाकूड तोडलं. शेजारी एक आजोबा पेपर वाचत होते. त्यांनी विचारलं, काय काम करता? मी म्हणालो, सरकारी.

२२ मार्च
खोपट उभं राहिलं. छप्पर तिरकं करायला हात धजत नव्हता, तरी केलं. कोबीचे वाफे काढले, कुंपण आठवेल तसं पुन्हा वाकडं घातलं, भोवती गवतही वाढू दिलं. बाहेरून हुबेहूब.
आत काय होतं ते मात्र माहीत नाही. पाडण्याआधी मी आत डोकावलोही नव्हतो. साधी गोठ्याची भिंत पाडायची तरी पंचनामा करतात.
कदाचित आत काहीच नसेल. पोरींच्या गमती असतात.

२४ मार्च, संध्याकाळ
पेपर संपला. कन्सोल दिला. मुलीने बूटही काढले नाहीत, तशीच पलंगावर बसली. मी दारात उभा राहिलो, हातात वर्तमानपत्र उलटं.
ती खोपटात गेली. चारी कोपऱ्यांत फिरली. मग म्हणाली, "तिने काहीच ठेवलं नाही."
मी म्हणालो, राहून गेलं असेल तिचं, जायच्या गडबडीत. हे मी बोललो. लिहून ठेवतो, कारण नंतर मी ते नाकारीन.

२५ मार्च
टिटवीचा फोन आला होता. मुलीने उचलला नाही. दुपारी पुन्हा आला. नाही उचलला. आता ती नव्या शाळेत मिरवते, आपल्याला खोटं सांगते, असं मुलगी आईला म्हणाली.
आज सांगायचा विचार होता, पण तिचा मूड ठीक नव्हता. मूड पाहून बोलावं.

२६ मार्च, सकाळी
बायकोने चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, त्या कन्सोलवर या महिन्यात एकसष्ट तास खेळ झालाय असं दिसतंय, ते कोणाचे? तो आकडा तिथे दिसतो हे मला माहीत नव्हतं.
"आज तुम्ही सांगता की मी सांगू?"

२६ मार्च, दुपारी
सांगितलं. सगळं. विमानापासून कोबीपर्यंत. वाटलं होतं रडेल, ओरडेल. ती ऐकत राहिली. मी म्हटलं की कुंपण वाकडं होतं. त्यावर ती म्हणाली, "तिने आणि मी मिळून घातलं होतं ते."
लाज वाटली. सेहेचाळीसाव्या वर्षी माणसाला इतकी लाज वाटू शकते, याची कल्पना नव्हती.
मग तिने एकच गोष्ट मागितली. आत काय होतं ते टिटवीला तुम्हीच विचारा, आणि का विचारताय तेही सांगा.

२६ मार्च, संध्याकाळी ६.१५
फोन लावला. टिटवीने सगळं ऐकून घेतलं. मी तीनदा सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "काका, खरं सांगू? मला आठवतच नाही. मी तो गेम कधीच डिलीट केला."
तिच्या मागे पुष्कळ मुलींचा हसण्याचा आवाज येत होता. तिला जायचं होतं.
मुलगी दाराशी उभी होती. काय म्हणाली, असं तिने विचारलं. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला खरं बोलवेना. करार झाल्यापासून मी पुष्कळ खोटं बोललो, पण ते सगळं माझ्यासाठी होतं. म्हणालो, दोन खुर्च्या होत्या. समोरासमोर. तू आलीस की दोघींनी बसून बोलायचं म्हणून.
मुलीचा चेहरा असा उजळला की मी दुसरीकडे बघितलं. तिने लगेच दोन खुर्च्या केल्या, खोपटात मांडल्या आणि एकीवर जाऊन बसली. मग म्हणाली, मी किती वाईट वागले तिच्याशी, उद्या दहा वाजता फोन करते आणि खुर्च्यांसाठी थँक्यू म्हणते.

२७ मार्च, सकाळी ९.५०
टिटवीला सात वाजल्यापासून अकरा वेळा फोन लावला. उचलत नाही.