कानातला कापूस

ता. ४ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. डोकं चक्रावून गेलंय. मला नवं मशीन दिलंय, प्लास्टिकच्या बादल्यांची झाकणं काढायचं. साचा उघडला की दार सरकवायचं, झाकण काढायचं, दार लावायचं. पोरखेळ. पण माझ्या पाळीत ते सारखं बंद पडतं. फिटर तपासतो आणि म्हणतो, ठणठणीत आहे. दुसऱ्या पाळीत कुरकुरसुद्धा करत नाही. माझ्याशीच त्याचं काय वाकडं आहे, कळत नाही.

सुपरवायझर म्हणाले, हा आठवडा बघू, नाहीतर परत पॅकिंगला जा. तिथून सुटायला मी किती नाकदुऱ्या काढल्या, तुम्हाला ठाऊक आहे. शेजारच्या मशीनवरच्या मावशी धीर देतात. त्यांचं जुनं धूड खडाखडा चालतं, अडत म्हणून नाही.

आईला नमस्कार. लोभ पातळ होऊ देऊ नका.

तुमची भिंगरी

ता. ९ जून

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

अगं वेडाबाई, मशीन कुणावर डूख धरत नाही. पॅकिंगला तू त्या मावशींच्या मशीनपाशीच बसायचीस ना? त्यांचा साचा उघडल्याचा आवाज तुझ्या हातात बसलाय. तो आला की तुझा हात दाराकडे जातो, आणि तुझा साचा अजून मिटलेलाच असतो. दार अवेळी उघडलं की मशीन थांबणारच. पत्र्याच्या प्रेसवर मीही शेजारच्याच्या ठोक्यावर पायडल दाबायचो. कानात कापूस घाल आणि डोळ्यांनी काम कर.

आई म्हणते, वेळेवर जेवत जा. आमचा जीव तुझ्यापाशीच असतो.

तुझे बाबा

ता. १६ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

कापूस लागू पडला. मशीन एकदाही अडलं नाही आणि सुपरवायझरांनी ते मला कायमचं दिलं. तरी मला आनंद होत नाहीये.

परवा मावशींच्या मशीनचं तोंड तुंबलं. त्या साफ करत होत्या, तेवढ्यात वितळलेलं प्लास्टिक उसळून हातावर आलं. त्यांनी मला हाका मारल्या म्हणे. मी त्यांच्याकडे पाठ करून शेजारीच झाकणं रचत होते. टोकाच्या मशीनवरचा माणूस धावत आला तेव्हा वळले, आणि काय झालंय तेच मला कळेना.

हात बरा होईल म्हणतात. पण बाबा, कापूस काढला तर मशीन जातं आणि ठेवला तर हे असं. मला काही सुचत नाही. काल दवाखान्यात त्यांच्यापाशी बसून रडले, म्हटलं, काढूनच टाकते. मावशींनी धड असलेल्या हाताने माझे डोळे पुसले. म्हणाल्या, काढू नकोस, मशीन कसंबसं मिळालंय तुला. मी आता हाक मारणार नाही.

तुमची भिंगरी