चार चौकटींचं वेटोळं

दि. ४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीचा गुडघा बरा आहे हे वाचून जिवात जीव आला. माझं म्हणशील तर आठ दिवस अन्न गोड लागत नाही. लहानपणी आपण वहीच्या शेवटच्या पानावर ठिपके जोडून चौकटी करायचो, चौकट पुरी करणाऱ्याचं अक्षर आत. त्याच खेळावर मी चार वर्षं संशोधन करतेय. पान मोठं असलं की कोण जिंकणार हे सांगायची झटपट रीत सापडणं महाकठीण, असं मी सिद्ध केलं होतं. ते आमच्या मार्गदर्शक सरांनी स्वतःच्या एकट्याच्या नावावर छापलं. आकृत्यासुद्धा माझ्याच. विचारायला गेले तर नखं कापता कापता म्हणाले, की विद्यार्थ्यांचं काम ते सरांचंच. मग ती नखं माझ्याच प्रबंधाच्या पानावर गोळा केली. शिसारी आली.

त्याहून वाईट ऐक. काल मला त्या सिद्धतेत भोक सापडलं. चार चौकटी गोल जोडल्या जाऊन वेटोळं झालं की सिद्धतेतली एक पायरी निसटते. अजून कुणाला माहीत नाही. काय करू?

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी,
मुंगी

दि. ११ मार्च

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

तळपायाची आग मस्तकात गेली. गिऱ्हाइकाची बाही अर्धी कापून कात्री खाली ठेवली. तुझा खेळ वहिनीला शिकवला. ती रोज मला हरवते आणि वर विचारते, यात सिद्ध काय करायचं. असो. माझं ऐकशील तर गप्प बस. चोरलेलं कापड विरलेलं निघालं, तर ते चोराच्याच अंगावर फाटू दे.

उपाशी राहू नकोस. आमची माया आहे तशीच आहे.
तुझा,
दादा

दि. २० मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा सल्ला मोडला, रागावू नकोस. गप्प बसायचं ठरवूनच सरांच्या व्याख्यानाला गेले होते. पण शेजारी बसलेली नवी विद्यार्थिनी सांगू लागली, की ती याच सिद्धतेवर पुढची दोन वर्षं काम करणार आहे. तेव्हा माझीच मला किळस आली. उठले, फळ्यावर वेटोळं काढलं आणि भोक दाखवलं.

सरांनी सावकाश चष्मा पुसला. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "हे सगळं माझ्या या विद्यार्थिनीचंच काम. मी तिच्यावर विश्वास ठेवला."

दादा, इतके दिवस माझं नाव घ्यायला जीभ रेटत नव्हती, ते चूक निघताच थुंकल्यासारखं बाहेर टाकलं. मी तिथल्या तिथे विभागप्रमुख बाईंना म्हटलं, सरांचं वाक्य जसंच्या तसं व्याख्यानाच्या इतिवृत्तात लिहा. त्यांनी लिहिलं आणि सगळ्यांनी ऐकलेलं असल्याने सरांना खाली सही करावी लागली. सिद्धता आता माझी आहे. भोक बुजवायला वर्ष लागेल की जन्म, ठाऊक नाही. बाईंनी मला त्यांच्याकडे संशोधनाला घेतलंय.

निघताना सरांनी मोठ्या मनाने हात पुढे केला. माझे हात खडूने भरलेत असं सांगून मी ते मागेच ठेवले.

वहिनीला नमस्कार, तुमची माया अशीच राहो.
तुझी,
मुंगी