एकेकानं ओलांडायचा उतार

बाझेल, ११ जानेवारी

ती. बाबांस,

आइताचा सा. न. विनंती शेवटी करते, आधी भांडण.

फोनवर तुम्ही हवा सांगता आणि ठेवून देता, म्हणून लिहिते आहे. तुमची टपालवाली ऊर्सिना इथे तिच्या बहिणीकडे आली होती, मी चालवते त्याच ट्राममध्ये चढली. म्हणाली, वारा सुटलेला असताना तुम्ही एकटे उतार ओलांडून बर्फाच्या मोजकाठीपर्यंत गेलात. उतार कोसळून गाडले गेलात, तर तुमच्या गळ्यातलं यंत्र बर्फाखालून हाक देईल, पण ती ऐकणारं यंत्र काय मेंढ्यांच्या गळ्यात आहे, असंही तिनं विचारलं.

आई होती तेव्हा एक जण ओलांडायचा, दुसरा कडेला थांबून बघायचा. तिच्यामागे हा दुसरा हिवाळा. एप्रिलपर्यंत इकडे या, ही विनंती.

रागावलेली, तरी तुमचीच
आइता

वाल्दूर, १४ जानेवारी

चि. आइतास अनेक आशीर्वाद.

भांडण आणि तू विणलेले मोजे, दोन्ही पोचले. एक मोजा लांब झालाय; तुझ्या आईचंही तसंच व्हायचं. ऊर्सिनाला सांग, मेंढ्या माझ्यापेक्षा शहाण्या आहेत, हिवाळाभर गोठा सोडत नाहीत.

यंदाचं बर्फ वाईट आहे. डिसेंबरात जेमतेम पडलं, मग कडक थंडी, त्यामुळे तळाशी नुसती साखर झालीय, वरचं काही धरून ठेवत नाही. त्यावर वाऱ्यानं जाड थर आणून ठेवलाय. खालचा रस्ता बंद करायचा की नाही, हे गावाची समिती माझ्या मोजणीवरून ठरवते. म्हणून जावं लागतं.

मंगळवारी पलीकडे पोचलो, सवयीनं वळलो आणि काठी उंच केली. म्हणजे तुझ्या आईला खूण, आता तू ये. वाट बघत उभा राहिलो. ती येणार नाही हे ध्यानात आल्यावर पुढे पाऊल टाकलं, तर पायाखाली धप्प झालं आणि मागचा सगळा उतार माझ्या खुणांसकट खाली गेला. बर्फाची धूळ बसेपर्यंत मी तिच्या नावानं हाका मारत होतो.

हे ऊर्सिनाला कळू देऊ नकोस. बाझेलला येऊन मी सकाळी उठून मोजू काय?

मोज्यांची ऊब आहे, काळजी नसावी.
बाबा

बाझेल, १६ जानेवारी

ती. बाबांस सा. न.

पत्र शेवटच्या थांब्यावर वाचलं. ट्राम उशिरा सुटली. एका आजोबांनी घड्याळ दाखवून मला चांगलं सुनावलं. मी ऐकून घेतलं.

तुम्हाला इकडे बोलावणं सोडते. रजा मागितली आहे, मीच येते. बर्फातलं मला आता फार कळत नाही, पण उभं राहून बघता येतं. नेमकं काय करायचं ते लिहा.

उत्तराची वाट बघणारी
आइता

वाल्दूर, १९ जानेवारी

चि. आइतास आशीर्वाद.

कडेच्या खडकाशी उभं राहायचं. माझ्यावरची नजर काढायची नाही, नाक पुसायलासुद्धा नाही. बर्फ सुटलंच, तर मी शेवटचा कुठे दिसलो ती जागा डोळ्यांत धरून ठेवायची. मग समितीला फोन. मग वर बघायचं. वर अजून थर लटकत असेल, तर माझ्यासाठी त्या उतारावर पाऊल टाकायचं नाही. तिथेच थांबायचं.

ही शेवटची अट तुझ्या आईनं कधी कबूल केली नाही. तू आधी लेखी कबूल कर, मग तिकीट काढ.

तुझा हट्टी
बाबा

बाझेल, २१ जानेवारी

ती. बाबांस सा. न.

बाकी सगळं पाठ केलं. शेवटची अट मान्य नाही. शुक्रवारचं तिकीट काढलं आहे.

तुमच्याहून हट्टी
आइता

वाल्दूर, २३ जानेवारी

चि. आइतास आशीर्वाद.

मग मीही ओलांडत नाही. समितीला आज तसं कळवलं. पलीकडचा आकडा यंदा मिळणार नाही, रस्ता बंद ठेवायचा तर अंदाजानं ठेवा, म्हटलं.  त्यांच्या प्रमुखानं विचारलं, तब्येत बरी आहे ना.

आता सकाळी मला कुठे जायचं नसतं. स्वयंपाकघरातून उतार दिसतो. पुन्हा भरलाय, वर एकही खूण नाही.

इथे आता बघण्यासारखं काही नाही. तरी ये.

बाबा