सरलाजींनी संपवलेलं पाणी

गाझियाबाद, रविवार, सप्टेंबर १९९६

विधानसभेला उभ्या असलेल्या सरलाजी आज आमच्या सोसायटीत मतं मागायला आल्या. बैठक आमच्याच घरी. मी कोल्डड्रिंकच्या बाटल्या मांडल्या, तर म्हणाल्या, "बहनजी, नल का पानी दीजिए." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इथलं पाणी इतकं खारट, की आम्ही प्यायला दिल्लीतल्या लक्ष्मीबाईनगरच्या वन्संकडून कॅन भरून आणतो. दिलं शेवटी. त्यांनी ग्लास रिकामा केला. कपाळावर आठीसुद्धा नाही.

मग सेक्रेटरींनी विषय काढला. शेजारच्या गावातले लोक आपल्या रस्त्याने ये-जा करतात, तिथे गेट बसवून द्या, सगळी मतं तुमची.

"गेट नहीं लगेगा," सरलाजी म्हणाल्या. "यहाँ उन्हीं के खेत थे. पानी की लाइन लाऊँगी, गाँव और सोसायटी की एक ही."

मतं मागायला आलेलं माणूस असं बोलतं? कुणीही टाळी वाजवली नाही.

"पडणार बाई," हे म्हणाले. पडतीलही. पण आत्ता भांडी आवरताना तो ग्लास हाती आला. आमच्या नळाचं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलेला पाहुणा मी अजून पाहिला नव्हता. माझं मत ठरलं. आता ह्यांचंही ठरवते.