डाव संपेपर्यंत पाणी नाही

गुरुजी, तुम्ही जाऊन लई वर्षं झाली, तरी मले तुमच्याशी भांडायचं आहे. चौथीपर्यंतच शिकली मी. माझं अक्षर तुमाले तवाही आवडत नव्हतं, आता तसंच वाचा. शाळेच्या पटांगणात तुम्ही आम्हा पोरींना कबड्डी शिकवत होते. एकदा डाव अर्धा टाकून मी व्हरांड्यातल्या रांजणाकडे पळाली. ग्लास ओठाले लागतो न लागतो, तुम्ही छडीनं उडवला. "खेळताना पाणी पेली का पोट धरते अन् दम तुटते. डाव संपल्यावर पे." जीभ टाळूले चिकटली होती, पण त्या दिवशी आम्ही जिंकलो, म्हणून तुमचं खरं वाटलं. तवा सगळेच असं मानत, पण मी तुमच्याकडून शिकली, म्हणून तुमाले बोलते.

औंदा नातीच्या शाळेत पालकांची सभा झाली. खेळाचे मास्तर नाहीत, पोरींना तालुक्याच्या कबड्डीसाठी कोण तयार करीन, असं बाईंनी विचारलं. बाप लोक मोबाईलात पाहून राह्यले. मी हात वर केला. एक जण हसला, "आजी, गुडघे सांभाळा." म्हटलं, "तू ये मैदानात, तुहे गुडघे कोण सांभाळते पाहू." तेव्हापासून रोज चार वाजता मी मैदानात. खडे वेचले, पोरींची नखं कापली, बांगड्या काढायले लावल्या, खेळ झाला का एकेकीले घरापर्यंत सोडलं. कोणाले साधं खरचटू दिलं नाही. अन् डाव संपेपर्यंत पाणी दिलं नाही.

त्यातली एक पोरगी चढाईले गेली का दोघी-तिघींना बाद करूनच परत येते. येत होती. मागच्या आठवड्यात ऊन चटकत होतं. ती कडेले आली. "आजी, पाणी पिऊ का?" "डाव संपू दे." थोड्या वेळानं परत आली. "आजी, पाय लई दुखून राह्यले. एक घोट पिऊ?" "कायले नखरे करतं? दम धर." तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं अन् चढाईले गेली. कबड्डी कबड्डी म्हणता म्हणता रेघेवरच बसली, मग आडवी झाली.

आता ती यवतमाळच्या दवाखान्यात आहे. सिकलसेल आहे, रक्ताचा आजार. अशा लेकराले तहानेलं ठेवून पळवायचं नसते, असं डॉक्टरीन बाई म्हणाली. किडनी बंद पडली आहे. वाचीन का, विचारलं तर म्हणे, "आजी, आता आमच्या हातात फार नाही." लघवीची पिशवी खाटेले रिकामी लटकते. मी रोज जाते अन् आधी तीच पाहते.

काल तिची माय माझा हात धरून रडली. "माह्यानंच झालं, आजी. तिचं सिकलसेलचं कार्ड मिळालं होतं, मी कोठीत लपवलं. पुढं सोयरीक कोण करीन म्हणून. तुमाले सांगतलं असतं तं तुमी खेळवलंच नसतं तिले." तिथंच बोलायले पाहिजे होतं, का बाई, तुह्या पोरीनं दोनदा पाणी मागतलं होतं. एवढं तोंड चालते माझं, तिथं चाललं नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली, अन् तिनं सगळा दोष आपल्याच पदरात घेतला.

म्हणून हे लिहायले घेतलं. तुमच्यावर ढकललं का हलकं वाटीन, असं वाटलं होतं. धाडायले पत्ता नाही, असता तरी धाडलं नसतं. कारण तुम्ही आमच्यासंगं भर उन्हात उभे राहत होते अन् डाव संपेपर्यंत स्वतःही पाण्याले शिवत नव्हते. मी लिंबाखाली खुर्ची टाकून बसली होती. पोरीनं दुसऱ्यांदा मागितलं तवा मी नुकतंच पाणी पिऊन बाटलीचं झाकण लावून राह्यली होती.