उणे अडीच टक्के

ती. वन्सं यांना,

शिरसाष्टांग नमस्कार (गुडघा धरल्यामुळे सध्या अष्टांगांतली सहाच टेकतात, उरलेली दोन मनाने टेकवली आहेत असं समजा). तुमची कंबर कशी आहे? भावोजींची साखर? इकडे आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे तुमचे भाऊ बरे आहेत आणि मी हादरलेली आहे. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण तुम्ही हसला असता आणि ते मला ऐकू आलं असतं. म्हणून कागदावर लिहून कागदाचा फोटो पाठवते आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, लेकीने तुमच्या तिकडचाच नवरा केला, नात झाली, बघता बघता पाच वर्षांची झाली, आणि 'आजी' हा एक शब्द सोडला तर तिचं सगळं स्पॅनिशमध्ये. येत्या सुट्टीत ती महिनाभर माझ्याकडे येणार. महिनाभर मी काय खुणांनी बोलू? म्हणून वर्गात नाव घातलं. पहिले तीन महिने झाले. आता संभाषणाच्या वर्गात बसायचं तर आधी शब्दांची चाचणी. तिथे बसले तर ती येईपर्यंत चार वाक्यं धड बोलता येतील, नाहीतर पुन्हा अंक आणि रंग. (संभाषणाच्या वर्गात गेले असं मी तुम्हाला मागेच कळवलं होतं. त्या वाक्याकडे जरा काणाडोळा करा.)

चाचणी म्हणजे एक कागद. त्यावर एकशेवीस शब्द आणि वर सूचना, जे माहीत असतील त्यांच्यापुढे बरोबरची खूण करा. बस. अर्थ लिहायचा नाही, वाक्य करायचं नाही! मी म्हटलं, ही बाई परीक्षा घेते आहे की हजेरी? आता तुम्हीच सांगा, अठ्ठावीस वर्षं मी बटणांच्या दुकानात काउंटरवर उभी राहिले. मालकांचा एकच नियम होता, गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही. 'आहे, बसा' म्हणायचं आणि मागच्या दाराने पळत जाऊन शेजारच्या दुकानातून आणायचं. तो हात असा कसा थांबेल? एकेका शब्दावर बोट ठेवलं, ओळखीचा वाटला, केली खूण. एकशेअठरा खुणा झाल्या. दोन मुद्दाम सोडले, उगाच गर्व नको म्हणून.

निकाल परवा लागला. बाईंनी (आपल्या लेकीच्या वयाच्या, चष्मा सतत केसांत खोचलेला) सगळ्यांसमोर शांतपणे सांगितलं की त्या एकशेवीसपैकी चाळीस शब्द जगात नाहीतच. त्यांनी ते घरी बसून स्वतः बनवले होते! दिसायला स्पॅनिश, आत काही नाही. कोण खरं बोलतो आणि कोण नुसतं दडपून देतो, ते कळावं म्हणून. वन्सं, माझ्या पायाखालची जमीन सरकली. शिक्षकाने असं करावं? माझ्या चाळीसच्या चाळीसांपुढे खुणा. आणि जे दोन सोडले होते ते नेमके खरे निघाले. त्यातल्या एकाचा अर्थ दोरा. अठ्ठावीस वर्षं दोरे विकले मी!

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण निकाल सांगण्याआधी बाईंनी मला सहज विचारलं होतं, 'कोरदुना' म्हणजे काय हो? मी म्हटलं, झाकणाचं लहान भांडं, ओट्याच्या कोपऱ्यात ठेवतात ते. हातांनी आकारसुद्धा दाखवला. वर्गात माझ्या शेजारी बसणाऱ्या प्लंबरने तो वहीत उतरवून घेतला. आणि तो शब्द बाईंना आंघोळ करताना सुचलेला!

मग गुण. खऱ्यांपैकी जितक्या टक्क्यांपुढे खूण, त्यातून खोट्यांपैकी जितक्या टक्क्यांपुढे खूण ते वजा. माझे साडेसत्त्याण्णव वजा शंभर, उत्तर आलं उणे अडीच. म्हणजे जिने स्पॅनिश कधी ऐकलंच नाही, तीसुद्धा माझ्यापेक्षा अडीच टक्क्यांनी हुशार. प्लंबर एकतीस खुणांवर संभाषणात गेला आणि मी पुन्हा अंक आणि रंगांत. घरी येऊन मी चक्क रडले. तुमच्या भावांनी विचारलं, तर त्यांना डोळ्यांत साबण गेला म्हणून सांगितलं.

बाकी सर्व क्षेम. भावोजींना नमस्कार.

तुमची,
वहिनी

ता.क. यातलं लेकीला काही सांगू नका.

ता.क. २. खरं तर सांगायचं राहिलंच. नात तीन आठवडे फोनवर येत नव्हती. मला वाटलं लाजते. काल लेकीने कारण सांगितलं. मी आजवर फोनवर ती काहीही बोलली की हसून 'सी, सी' म्हणत आले, म्हणजे हो, हो. तीन आठवड्यांपूर्वी तिने विचारलं होतं, 'आजी, तू मला विसरलीस का?' मी तीनदा हो म्हटलं आणि वर पापाही दिला. ती सुट्टीत यायला तयार नाही. लेकीने समजावून पाहिलं, तर म्हणते, आजी स्वतःच म्हणाली.

वन्सं, तुमचं घर लेकीच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आणि तुम्हाला तिची भाषा येते. आजच्या आज जा. माझ्या लग्नापासून तुम्ही घरभर माझ्याविषयी जे सांगत आलात (माझ्या कानावर यायचं सगळं), की हिला कशातलं काही कळत नाही, नुसती मान डोलावते, ते एकदा तिला मांडीवर घेऊन नीट सांगा. अगदी पटेल असं सांगा.